डावीकडून पहिली

१

आर्डिस हाकाला ही बाई रोज सकाळी साडेसातला ट्रकला घेऊन बाहेर पडायची. ट्रक म्हणजे कुत्रा. आखूड पायांचा, तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला, वजन जेमतेम दहा किलो. नाव तिच्या नवऱ्यानं ठेवलं होतं, कारण हा प्राणी रस्त्याच्या मधोमध चालायचा आणि कुणासाठी म्हणून बाजूला व्हायचा नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. ट्रक अजूनही बाजूला होत नव्हता.

डुलूथ शहराचा आठवा रस्ता टेकडीच्या पोटावरून आडवा जातो. खाली सरोवर, वर पाण्याची टाकी, मध्ये लाकडी घरं आणि त्यांच्या मागच्या बोळांतून कचऱ्याचे डबे. घरापासून कोपऱ्यावरच्या धोबीखान्यापर्यंत जायचं आणि बोळातून परत यायचं. वाटेत एक फोटो. एकच. गळ्यात जुना फिल्मचा कॅमेरा, दोन्ही हातांनी धरायचा, फोकस हातानं फिरवायचा. समोर ट्रक, मागे जे असेल ते: बर्फ उपसणारा पोस्टमन, खिडकीतली मांजर, तुटकं कुंपण. वाचनालयानं तिला येत्या नोव्हेंबरात प्रदर्शनासाठी एक भिंत देऊ केली होती. ‘एक रस्ता, एक वर्ष.’ शेवटचा फोटो एकतीस ऑक्टोबरला काढायचा होता.

चौतीस वर्षं तिनं गावच्या दैनिकात फोटो काढले. मग दूरच्या शहरातल्या कुणा गुंतवणूकदारांनी ते विकत घेतलं, फोटो विभागाला कुलूप लावलं आणि बातमीदारांच्या हातात मोबाइल देऊन ‘आता तुम्हीच काढा’ म्हणून सांगितलं. मालकांच्या माणसाला आर्डिसनं त्या दिवशी जे सुनावलं ते छापण्याजोगं नव्हतं, पण खरं होतं.

त्या नोकरीतली एक सवय मात्र गेली नाही. नाव नाही, तर चेहरा नाही. फोटोतल्या प्रत्येकाचं नाव विचारायचं, स्पेलिंगसकट, आणि फोटोखाली ‘डावीकडून’ असं लिहून क्रमानं द्यायचं. ज्याचं नाव मिळालं नाही तो कडेला असला तर लाल मेणाच्या पेन्सिलीनं रेघ मारून त्याला कापून टाकायचं. चौतीस वर्षांत अशी किती माणसं कापली याची मोजदाद तिनं ठेवली नव्हती. कुणीच ठेवत नाही.

ऑगस्टमध्ये एक गोष्ट घडली. आर्डिस शेगडीवर किटली ठेवून तळघरात फिल्म धुवायला गेली आणि विसरली. धूर झाला, बंब आला, शेजाऱ्यांनी बघितलं. फिनिक्सला राहणाऱ्या तिच्या मुलीनं, ब्रिटानं, दुसऱ्याच दिवशी तिकडच्या एका वृद्धनिवासात खोली बघितली. तिथे कुत्री चालत नव्हती. ट्रकला कुठल्या तरी आश्रयगृहात सोडायचं आणि आईनं वाळवंटात येऊन पत्ते खेळत बसायचं, असा बेत. डॉक्टरांनी आर्डिसकडून घड्याळाचं चित्र काढून घेतलं, पाच शब्द पाठ म्हणून घेतले. तिला पाचही आठवले. ब्रिटा तरी हटेना. शेवटी ठरलं, ऑक्टोबरच्या अखेरीस काय ते सांगायचं. तोवर आणखी एक जरी चूक झाली तर विषय संपला.

२

चूक तिला दिसली ती ऑक्टोबरच्या मध्यावर. आणि ती तिची नव्हती.

भिंतीसाठी फोटो निवडायचे म्हणून तिनं तळघरात कपडे धुवायच्या यंत्रावर सगळ्या कॉन्टॅक्ट शीट पसरल्या होत्या. एकेका कागदावर छत्तीस छत्तीस फ्रेम, टपाल तिकिटाएवढ्या. डोळ्याला भिंग लावून ती एकेक बघत होती आणि हवी ती लाल पेन्सिलीनं चौकटीत घेत होती. सप्टेंबरची शीट. ट्रक आणि भोपळे. ट्रक आणि धोबीखान्याचं दार. ट्रक आणि पोस्टमनचे पाय.

तिची पेन्सिल थांबली.

फिरताना ती ट्रकची दोरी उजव्या मनगटात अडकवायची. फोटो काढताना दोन्ही हात कॅमेऱ्याला लागतात, मग दोरी मनगटावरून सरळ खाली लोंबते. म्हणजे फोटोत ती ट्रकच्या गळपट्ट्यापासून निघून खालच्या कडेतून, थोडी उजवीकडे, बाहेर जायला हवी. हिवाळ्यातल्या सगळ्या फ्रेममध्ये तशीच जात होती. वसंतातल्याही.

या फ्रेममध्ये दोरी डावीकडे जात होती. सैल नाही, ताणलेली. डाव्या कडेतून, कंबरेएवढ्या उंचीवर, चौकटीबाहेर.

पुढची फ्रेम. डावीकडे. त्याच्या पुढची, तीही डावीकडे. तिनं तारखा मागे लावत नेल्या. सत्तावीस ऑगस्ट, डावीकडे. सव्वीस ऑगस्ट, खाली आणि थोडी उजवीकडे, जशी असायला हवी तशी. किटली जळाली तो दिवस सव्वीस.

‘हात बदलला असशील,’ ती स्वतःला मोठ्यानं म्हणाली. पण डाव्या मनगटात अडकवलेली दोरीसुद्धा खालूनच जाईल. कंबरेच्या उंचीवर ताणून धरलेली दोरी म्हणजे एकच गोष्ट. ती धरायला एक हात लागतो. रिकामा हात.

वर स्वयंपाकघरात फोन वाजला. तीनदा वाजला आणि थांबला. तिनं लक्ष दिलं नाही. टाकीत फिल्म धुतली जात होती, नळ सोडून जाता येत नव्हतं. मग तिच्या डोक्यावर, फळ्यांच्या पलीकडे, ट्रकची शेपटी जमिनीवर आपटू लागली. थप, थप, थप. घरात कुणी आलं की आपटते तशी.

अर्ध्या तासानं ती वर गेली. ट्रक टेबलाखाली पसरला होता. घरात कुणी नव्हतं.

३

व्हर्जिल ओस्तबी चार घरं सोडून राहायचे. वय चौऱ्याऐंशी. आयुष्यभर गोदीत लोहखनिजाची जहाजं भरली, आता सकाळपासून ओसरीवर घोंगडी घेऊन बसायचे आणि मांडीवरच्या लठ्ठ मांजराला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. मांजराचं नाव सेनेटर, कारण तो खाऊन झोपायचा.

‘आली बघा आमची पोलीस पार्टी,’ ते ओरडले. ‘ट्रक, आज कुणाला अटक?’

‘तुम्हालाच. हलू नका. फोटो घेतेय.’

‘सेनेटरचं मानधन वेगळं पडेल हं.’

‘भिंगाकडे बघा, व्हर्जिल.’

‘बघतोच आहे की.’

दुसऱ्या दिवशी ती फोटो छापून घेऊन गेली. व्हर्जिल त्यात छान हसत होते, पण भिंगाकडे बघत नव्हते. त्यांची नजर कॅमेऱ्याच्या जराशी बाजूला गेली होती, आर्डिसच्या डाव्या खांद्यापलीकडे, चेहऱ्याच्या उंचीवर. मांजर तिकडेच बघत होतं. पायरीवर बसलेला ट्रकही.

‘डोळे कुठे गेले तुमचे?’ तिनं विचारलं. ‘मोतीबिंदू परत आला का?’

व्हर्जिलनी फोटो लांब धरून बघितला. ‘अगं, एकटीकडेच कसं बघत बसणार? बरं दिसतं का ते? आधी तुझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तू दाबलंस तेव्हा तिची पाळी चालू होती.’

आर्डिसच्या तोंडावर ‘कुणाची?’ आलं होतं. तिनं ते गिळलं. व्हर्जिलकडे ब्रिटाचा नंबर होता. बंब आला त्या दिवशी फिनिक्सला फोन करणारे तेच होते, आणि त्याबद्दल त्यांना अजून वाईटही वाटलं नव्हतं. शिवाय चौतीस वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न माहीत असल्यासारखा विचारायचा.

‘तुमच्याशी बोलली का ती काही?’

‘ती कुठे बोलते? नमस्कार चमत्कार तेवढा. कमी बोलणारी बाई. तुझ्या अगदी उलट.’ व्हर्जिल खो खो हसले. ‘शिकून घे जरा. आणि एक सांगू का? बरं झालं तू कुणालातरी सोबत ठेवलंस. त्या ऑगस्टानंतर मला झोप नव्हती. चार घरांवर आग म्हणजे काय लांब असते?’

आर्डिसनं मान डोलावली. मग, अगदी सहज, ती डावीकडे वळली. पदपथ रिकामा होता. मेपलची तांबडी पानं पडली होती, ओली, चपटी. त्यांच्यावर कुठेही पाऊल उमटलेलं नव्हतं. तिचं स्वतःचंही नव्हतं. तेव्हा त्या पुराव्याला काही अर्थ नव्हता.

४

भीती वाटायला हवी होती, हे तिला कळत होतं. त्याऐवजी तिला खाज सुटली. बातमीची, जुनी.

तिनं वहीत लिहून काढलं. एक, सगळा रस्ता मिळून म्हातारीची थट्टा करतोय. शक्य, पण या रस्त्यावरची माणसं कचऱ्याचे डबे कुठल्या वारी बाहेर ठेवायचे यावरही एकमत करू शकत नाहीत. दोन, कॅमेरा बिघडलाय. कॅमेरा दोरी वळवत नाही. तीन लिहायला तिनं वेळ घेतला. तीन, खरंच एक बाई आहे. ती रोज माझ्यासोबत चालते, मी तिला ओळखते, तिच्याशी बोलते, आणि घरी आल्यावर माझ्या डोक्यातून ती पुसली जाते.

हे तिसरं फार वाईट होतं. कारण ते ब्रिटाच्या बाजूनं होतं.

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं दोरी उजव्या मनगटाला चक्क बांधली. लाल सुतळीनं, तीन गाठी मारून. धोबीखान्यासमोर थांबली. मनगटाकडे बघितलं, दोरी होती. कॅमेरा उचलला, ट्रकवर फोकस आणला, दाबलं. लगेच मनगटाकडे बघितलं, दोरी होती. गाठी होत्या. सुतळीचा वळ उठला होता.

फिल्म संपायची वाट न बघता तिनं रीळ तिथेच तोडलं आणि दुपारी धुतलं. ओल्या निगेटिव्हवर, दिव्यासमोर, दोरी ट्रकच्या गळ्यापासून निघून बाजूला गेली होती. कंबरेच्या उंचीवर, ताणलेली.

म्हणजे तिचा डोळा एक सांगत होता आणि कॅमेरा दुसरं. नोकरीत असा प्रसंग कधीही आला तर तिनं कॅमेऱ्याची बाजू घेतली होती. आमदार म्हणायचे, मी तिथे नव्हतोच. फोटो म्हणायचा, होतात.

ती वर आली. भांडी निथळायच्या जाळीवर तिचा कप पालथा होता, निळ्या दांड्याचा. त्याच्या शेजारी दुसरा एक होता, पांढरा, पाहुण्यांसाठीचा. गेल्या वर्षभरात तिच्याकडे पाहुणा आला नव्हता. तिनं त्याला बोट लावलं. ओला होता.

‘कॉफी कशी घेतेस?’ तिनं रिकाम्या खोलीला विचारलं. नंतर तिला स्वतःचं हसू आलं. मग ते थांबलं, कारण टेबलाखाली ट्रकनं शेपटी आपटली होती, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता.

५

एरवी रविवारी येणारा ब्रिटाचा फोन या खेपेला आधीच आला. आवाज मऊ. गेला महिनाभर तो मऊच होता आणि का, हे आर्डिसनं विचारलं नव्हतं. आयती मिळालेली मऊ गोष्ट कुणी उलटून बघत नाही.

‘आई, मला वाटतं मी जरा जास्तच केलं. फिनिक्सचं.’

‘जरा?’

‘बरं, खूप. पण तूही मला आधी सांगायचंस ना. त्या आहेत म्हणून.’

आर्डिसनं फोन कानाला घट्ट दाबला. ‘तू कधी बोललीस तिच्याशी?’

‘कधी म्हणजे? तू तळघरात असलीस की त्याच घेतात फोन. परवा मंगळवारी नाही का? म्हणाल्या, फिल्म पाण्यात आहे, अर्ध्या तासात येईल वर. मग म्हणाल्या, शेगडी बंद आहे, मी हात लावून बघितलंय.’ ब्रिटा थांबली. ‘आई, मी फोन ठेवून रडले गं. गाडीत बसून. कुणीतरी हात लावून बघतंय एवढंच हवं होतं मला.’

मंगळवार. तीनदा वाजून थांबलेला फोन. टाकीतली फिल्म.

‘आवाज कसा वाटला तुला तिचा?’ आर्डिसनं विचारलं. ‘सर्दी होती तिला.’

‘सर्दी? मला नाही जाणवलं. धाप लागल्यासारखा असतो, नेहमीच. जिना चढून आल्यासारखा.’

‘हो. तसाच असतो.’

‘आणि मागे किती गलका. तुम्ही काय रेडिओ लावून ठेवता का दिवसभर?’

आर्डिसकडे रेडिओ नव्हता. ‘मी बंद करते,’ ती म्हणाली.

‘आई, नाव काय त्यांचं? दर वेळी विचारायचं राहतं.’

हा प्रश्न आर्डिसनं हजारो लोकांना विचारला होता. पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्यांना, न्यायालयाच्या पायरीवर तोंड लपवणाऱ्यांना, अंत्ययात्रेत. तिला तो कुणी असा विचारला नव्हता.

‘तिचं तिलाच विचार की,’ ती म्हणाली आणि दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. शेगडीवर दूध नव्हतं. तिनं शेगडीला हात लावून बघितला. थंड होती.

६

वाचनालयात प्रदर्शनाचं काम बघणारी जोडी प्रू नावाची मुलगी तिशीची होती, बोलणं भरभर, केस हिरवे. शुक्रवारी सकाळी ती आठव्या रस्त्यावरच भेटली, हातात मोबाइल घेऊन.

‘मिसेस हाकाला! मी तुमची चोरी केली. पत्रकासाठी फोटो हवा होता, तुम्ही काही दिला नाहीत, मग काल तुम्ही बोळातून जात होतात तेव्हा मीच मागून टिपला. रागावू नका.’

‘न विचारता फोटो काढणाऱ्यांना मी आयुष्यभर शिव्या दिल्यात.’

‘माहितीय. स्वतः मात्र काढलेत.’

‘दाखव.’

फोटो बरा होता. मुलीला चौकट कळत होती, आणि त्याचाच आर्डिसला धक्का बसला. ती स्वतः फोटोच्या उजव्या बाजूला होती, कॅमेऱ्याचा पट्टा मानेवर, तोंड डावीकडे वळलेलं, काहीतरी बोलत असलेली. मध्ये ट्रक. डावीकडे कुंपण आणि रिकामी जागा. माणूसभर रिकामी जागा. दोरी तिकडे गेली होती. ज्याला चौकट कळते तो अशी जागा उगीच सोडत नाही. तिथे कुणीतरी असल्याशिवाय सोडत नाही.

आणि त्या रिकाम्या जागेच्याही डावीकडे आणखी थोडी जागा सोडलेली होती.

‘दोघी किती छान आल्यात ना?’ जोडी म्हणाली.

‘एवढी जागा बाजूला कशाला ठेवलीस?’

जोडीनं पडदा स्वतःकडे वळवला आणि भुवया आकसून बघितलं. ‘काय माहीत. तेव्हा बरोबर वाटली. कापू का?’

‘नको,’ आर्डिस म्हणाली. फार पटकन म्हणाली.

‘मग ओळ तेवढी तुम्हीच लिहून द्या, तुमच्या पद्धतीनं, डावीकडून वगैरे. तुमचं नाव आहे माझ्याकडे. डावीकडच्या बाईंचं नाही.’ ती आर्डिसच्या खांद्यापलीकडे बघून हसली. ‘चालेल ना तुम्हाला? छापलेलं?’

आर्डिसनं वाट बघितली. खाली सरोवरावर एका जहाजानं भोंगा दिला. जोडीनं मान हलवली, ‘थँक्यू’ म्हणाली आणि गेली.

आता राहवलं नाही. तिनं न बघता भिंगाचं कडं फिरवून फोकस हातभर अंतरावर आणला, श्वास धरला, आणि कॅमेरा डोळ्याला लावूनच झटक्यात डावीकडे वळली. दाबलं.

दुपारी तिनं ती एकच फ्रेम मोठी करून छापली. तांबड्या दिव्याखाली कागद रसायनात बुडवला आणि वाट बघत उभी राहिली. आधी वरच्या कोपऱ्यात कुंपण आलं, पुसट. मग पदपथ, पुसट. झाडं, पुसट. फोकस हातभर अंतरावर होता आणि तेवढ्या अंतरावर काहीच नसेल तर सगळा कागद पुसटच यायला हवा होता.

मधोमध, खाली, काहीतरी स्पष्ट येत होतं. एवढं स्पष्ट की विणीचा धागा न् धागा दिसावा. ट्रकच्या दोरीचं टोक, हात घालायचं वेटोळं. ते हवेत उभं होतं, गोल, उघडं. आणि त्याच्या वरच्या बाजूला नायलॉन चार ठिकाणी दबलं होतं. शेजारी शेजारी.

आर्डिस कितीतरी वेळ त्या चार खळग्यांकडे बघत राहिली. तिच्या मनात आलं ते विचित्र होतं. तिच्या मनात आलं, की ही फार घट्ट धरते. पडू नये म्हणून धरतात तसं.

मग तिला त्या वेटोळ्याच्या पाठीमागे, जिथे पुसट व्हायला हवं होतं तिथे, आणखी एक स्पष्ट बारीक जागा दिसली. कापडाची चुणी असावी. मागून कुणीतरी धरलेल्या कापडाची. तिनं भिंग शोधलं, पण तोवर कागद रसायनात जास्त राहिला होता. तो सगळाच काळा होत गेला.

७

एकतीस ऑक्टोबर, रविवार. शेवटचा फोटो तिनं व्हर्जिलच्या ओसरीसमोर काढला आणि दहाला घरी आली. ट्रकची दोरी खुंटीला लावली. जोडीला द्यायचा कागद टेबलावर ठेवला. त्यावर ‘डावीकडून’ एवढंच लिहिलेलं होतं, आणि खूप उजवीकडे तिचं स्वतःचं नाव.

बाराला फोन वाजला.

‘आई, वृद्धनिवासाला आज कळवायचंय. खोली ठेवायची की सोडायची,’ ब्रिटा म्हणाली. ‘मी सोडणार आहे. जवळजवळ ठरलंय माझं. फक्त एकदा त्या बाईंना फोन दे. हिवाळाभर राहणार आहेत एवढं त्यांच्या तोंडून ऐकते आणि मग मी तुला कधी त्रास देणार नाही. शपथ.’

‘आणि ती नसली तर?’

‘नसली म्हणजे? आता? की मुळात?’ मऊपणा एका क्षणात गेला. ‘आई, त्या आहेत ना?’

आर्डिस टेबलाशी बसली होती. समोर, जमिनीवर, ट्रक बसला होता. एक कान उभा, एक पडलेला. तो तिच्या डाव्या खांद्यापलीकडे बघत होता.

खरं उत्तर एकच होतं. इथे कुणी नाही, कधी नव्हतं. ती खरं बोलली असती तर मंगळवारपर्यंत ब्रिटा विमानानं येऊन पोहोचली असती, आणि ट्रक आश्रयगृहाच्या सिमेंटवर बसून दाराकडे बघत राहिला असता. बारा वर्षांच्या, आखूड पायांच्या, कुणासाठी बाजूला न होणाऱ्या कुत्र्याला तिथून कोण नेणार होतं? आणि ती? पत्ते. वाळवंट. ‘किती छान दिसताय आज’ म्हणणाऱ्या पगारी पोरी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्यावर तुटून पडलेल्या बाईला आता एक खोटं बोलायचं होतं. आणि ते खोटं आहे याचीही तिला खात्री उरली नव्हती.

‘देते,’ ती म्हणाली.

तिनं मान वळवली नाही. फोन धरलेला हात तेवढा डावीकडे लांब केला. फळीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. आपण किती मूर्ख दिसत असू, हा विचार तिच्या मनात पूर्ण व्हायच्या आत तिचा हात हलका झाला.

फोन पडल्याचा आवाज आला नाही.

तिनं हात हळूच मांडीवर घेतला. बाजूनं ब्रिटाचा आवाज बारीक ऐकू येत होता, शब्द नाही, नुसता सूर. आधी ताठ, मग विचारणारा, मग एकदम हसणारा. असं हसलेली तिला ब्रिटा कित्येक वर्षांत आठवत नव्हती. मग फोन जागेवर ठेवल्याचा टक असा आवाज. ट्रकनं शेपटी आपटली.

झालं होतं. घर राहिलं होतं. ट्रक राहिला होता.

आर्डिसला दार उघडून पळावंसं वाटलं नाही, हे तिला स्वतःलाच नवल होतं. तिला फक्त तिच्या कामातली राहून गेलेली गोष्ट आठवली. तिनं जोडीचा कागद पुढे ओढला आणि डावीकडे सरकवला. खिशातून लाल मेणाची पेन्सिल काढली, चौतीस वर्षं जिनं कडेची बिननावाची माणसं कापली तीच, आणि कागदावर ठेवली.

‘नाव लिहा,’ ती म्हणाली. स्वर नेहमीचाच होता, न्यायालयाच्या पायरीवरचा. ‘स्पेलिंग नीट. तुमचंच आहे, माझ्याकडून चुकायला नको.’

घड्याळ टिकटिकत राहिलं. मग मेण कागदावर घासल्याचा आवाज सुरू झाला. सावकाश, दाबून, बऱ्याच दिवसांनी लिहीत असल्यासारखा.

तो थांबला. आर्डिसनं श्वास सोडला.

तो पुन्हा सुरू झाला. या खेपेला जरा हलका, घाईचा, वेगळ्याच हाताचा. थांबला. पुन्हा सुरू झाला.

एका नावाला इतका वेळ लागत नाही.

ती ट्रककडे बघत राहिली. त्याची नजर तिच्या खांद्यापलीकडून सुटली आणि किंचित बाजूला गेली. तिथे थांबली. मग आणखी बाजूला. तिथेही थांबली. त्याची मान भिंतीच्या कडेनं, दारापर्यंत, दारातून बाहेर, अशी हळूहळू वळत चालली होती, आणि प्रत्येक ठिकाणी त्याची शेपटी एकदा जमिनीवर आपटत होती.